ऑईल गाळणारे आबा

कराडला लागून असलेल्या मलकापूरच्या त्या चकचकीत सर्व्हिस सेंटरमध्ये गाडीचं उतरवलेलं काळं ऑईल घरी न्यायला मागणारा मी पहिलाच गिऱ्हाईक असणार. गळ्यात ओळखपत्र अडकवलेला तिथला सल्लागार माझ्याकडे बघत राहिला, मग काचेपलीकडे उभ्या असलेल्या माझ्या अवाढव्य नव्या गाडीकडे आणि पुन्हा माझ्याकडे. "सर, वापरलेलं ऑईल? काय करणार त्याचं?" मी म्हटलं, "फाटकाला लावणार." तो हसला. मला राग आला, कारण त्याच्या जागी मी असतो तर मीही हसलो असतो.

पण आमच्या विट्याकडे ट्रॅक्टरचं असो नाहीतर मोटारसायकलचं, उतरवलेलं ऑईल कुणी टाकून देत नाही. ते फाटकाच्या बिजागऱ्यांना लागतं, गोठ्याच्या मेढींना वाळवी लागू नये म्हणून लागतं, पाऊसकाळात औतांना गंज चढू नये म्हणून लागतं. सकाळी घरातून निघताना आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, बजावलं होतं, "ऑईल सोडून येऊ नगंस." आणि आबांनी सांगितलेलं एक तरी काम बिनचूक करावं, असं त्या दिवसांत मला फार वाटत होतं. म्हणून त्या मऊ गालिच्याच्या गाडीत, पायापाशी काळा कॅन ठेवून, मी घरी आलो.

आज दारात दुसरी गाडी आहे. डिझेल. थांबली की धडधडते आणि सुरू झाली की शेजारच्यांना कळतं. मी सुखात आहे. पण ही गाडी दारात येण्याआधी जे झालं ते त्या कॅनपासून सुरू झालं.

आमचा धंदा गलाईचा. सोनारांकडचं जुनं, मिसळीचं सोनं वितळवून शुद्ध करून द्यायचं. त्यासाठी आमच्या भागातली माणसं देशभर पांगली आहेत. आबा चौदाव्या वर्षी मदुराईला गेले, दुसऱ्याच्या भट्टीवर राबले आणि पुढे तिथंच स्वतःचं दुकान काढलं. सोनारांच्या दुकानांतली झाडलोट विकत घेऊन, धुऊन, जाळून त्यातून सोन्याचा कण काढण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. मी त्यांच्या शेजारी बसून वीस वर्षं काम शिकलो आणि मग सोन्याचा कस सांगणारं यंत्र आणलं. दागिना आत ठेवायचा, झाकण लावायचं, मिनिटात पडद्यावर आकडा. तेजाब नको, कसोटीचा दगड नको, वाद नको. यंत्र आलं त्याच्या पुढच्याच महिन्यात आबा विट्याला परतले. गुडघे दुखतात म्हणाले. त्याला पाच वर्षं झाली. त्यानंतर ते एकदाही दुकानात आले नाहीत.

मी दरवर्षी बोलवायचो. ते दरवर्षी गुडघ्यावर हात ठेवायचे. यंदा दुकानाला पन्नास वर्षं होणार होती, पूजा घालायची होती, आणि ज्या माणसानं दुकान उभं केलं तोच नसेल तर ती पूजा कसली? आबांना तिथं न्यायचंच, असं मी मनाशी घेतलं. मोठी गाडी घेतली ती त्यासाठी. गुडघे न दुमडता बसता येईल, वाटलं तर सीट मागं करून आडवं होता येईल, हजार-अकराशे किलोमीटर पोटातलं पाणी हलणार नाही, अशी.

खरं सांगायचं तर थोडी मिरवायचीही हौस होती. जत्रेला आमची गलाईवाली मंडळी गावात येतात तेव्हा देवळामागच्या माळावर गाड्या लागतात. दहा राज्यांच्या नंबरपाट्या आणि सगळी धूडं. त्यात बहुतेक डिझेल. मला त्यांच्यापेक्षा वेगळं काहीतरी हवं होतं. डिझेलचे दिवस संपले, असं विक्रेत्यानं मला पटवलं. नवं टर्बो पेट्रोल इंजिन, आवाज नाही, धूर नाही, पाय ठेवला की उडते. माळावर मी गाडी चालू ठेवली होती आणि एकानं येऊन विचारलं, "बंद हाय का चालू?" त्या प्रश्नावर मी चार दिवस खूश होतो.

आबांनी मात्र गाडीभोवती एक फेरी मारली, बॉनेटवर तळवा ठेवून उभे राहिले आणि एवढंच म्हणाले, "बोलत न्हाई कायच."

तर ऑईल आणलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आबांनी ते अंगणात घमेल्यात ओतलं, फडकं बुडवलं आणि फाटकाकडे वळणार तेवढ्यात थांबले. ऊन नेमकं घमेल्यावर पडलं होतं. मी चहा घेत होतो. त्यांनी हाक मारली, "हिकडं ये रं. हे बघ." मला काळं ऑईल दिसलं. "काय बघू?" "चमक बघ." मग दिसली. अगदी बारीक, तवंगावर हळूहळू फिरणारी पिवळसर चमक.

पुढचा तासभर आबा पाच वर्षांपूर्वीचे आबा झाले. जुन्या धोतराचं कापड चौपदरी करून त्यातून ऑईल गाळलं. कापडावर राहिलेला गाळ रॉकेलनं धुतला, ताटलीत वाळवला. त्यावर लोहचुंबक फिरवला तेव्हा थोडा कीस चिकटून वर आला. तो बाजूला ठेवला. उरलेला पिवळा कीस चुंबकाला लागेना. मग कपाटातून तेजाबाची बाटली आली. काचेच्या बशीत कीस आणि त्यावर दोन थेंब. धूर निघाला आणि बशीतलं पाणी हिरवंनिळं झालं. माझी बायको दारातून म्हणाली, "आबा, सोनं निघालं काय?" आबा तिच्याशी नेहमी हसून बोलत. आता हसले नाहीत. "तांबं हाय. इंजिनात जिथं तांबं आसल तिथलं कायतरी झिजतंय. ह्या गाडीचं काय खरं न्हाई."

मी चिडलो. का चिडलो हे आज कळतं. पूजेला महिना राहिला होता, आबा यायला जवळजवळ तयार झाले होते आणि आता हे नवं निमित्त. मी म्हटलं, "आबा, ही काय सोनाराच्या दुकानातली झाडलोट न्हवं. कंपनीच्या कॉम्प्युटरपेक्षा तुमाला जास्त कळतंय का?" त्यांनी बाटलीला बूच लावलं आणि आत गेले.

तरीही मी ते कापड घेऊन मलकापूरला गेलो. सल्लागारानं ते दोन बोटांनी धरलं, मेलेला उंदीर धरावा तसं. गाडीला कॉम्प्युटर जोडला. पडद्यावर एकामागून एक हिरव्या खुणा उमटल्या. "सर, इंजिन नवीन आहे. सुरुवातीला थोडा कीस निघतोच. सगळं ओके आहे." त्यानं कागद छापून दिला. मी तो आबांच्या पुढ्यात ठेवला, कोर्टातून निकाल आणल्याच्या थाटात. आबांनी चष्मा लावून वाचला, घडी घालून परत दिला. "छाप बघून म्या कवा सोनं घेतलं न्हाई. ह्या गाडीतनं मी येनार न्हाई."

दहा-बारा दिवसांनी मी कराडला ठिबकच्या नळ्या बघायला गेलो होतो. येताना कडेगाव ओलांडलं आणि बॉनेटखालून टक्, टक् असा आवाज यायला लागला. जी गाडी कधी बोलत नव्हती ती बोलायला लागली. मी रेडिओ बंद केला. आवाज वाढला. समोर ऑईलचा लाल दिवा लागला आणि मी कडेला घ्यायच्या आत एक मोठा दणका बसून सगळं शांत झालं. गाडी अर्धी रस्त्यावर, अर्धी खाली. हंगाम ऐन भरात होता. मागं उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरांची रांग लागली. पहिल्या ट्रॅक्टरवाल्यानं गाण्याचा आवाज कमी केला आणि वाकून विचारलं, "पाव्हणं, पेट्रोल संपलं व्हय?" "न्हाई, इंजिन गेलं." तो गाडीकडे बघत म्हणाला, "आयला, नवी दिसतीया की." मग त्यानंच ट्रॉल्या सोडल्या, दोर लावला आणि पत्र्याला गंज चढलेल्या त्या ट्रॅक्टरनं माझं धूड चिंचेखाली ओढून ठेवलं. देवळामागच्या माळावरच्या मंडळींपैकी तिथं कुणी नव्हतं, हे माझं नशीब.

मी कंपनीला फोन करायच्या आधी आबांना केला. ते म्हणाले, "तुला काय लागलं न्हाई न्हवं?" "न्हाई." "मग बस सावलीत. येतो." तासाभरात शेजाऱ्यांची जुनी डिझेल जीप घेऊन आले, स्वतः चालवत. सोबत भाकरी, पिठलं आणि पाण्याची बाटली. तुला सांगितलं होतं, असं एका शब्दानंही म्हणाले नाहीत. त्यांनी ते म्हटलं असतं तर मला बरं वाटलं असतं. मी खाली मान घालून भाकरी खाल्ली.

इंजिन उघडल्यावर सर्व्हिस सेंटरच्या मोठ्या साहेबानं मला केबिनमध्ये बसवून समजावलं. कारखान्यात इंजिन घडवताना राहिलेला कीस आतल्या ऑईलच्या वाटेत अडकला होता. त्यामुळे क्रँकच्या बेअरिंगला ऑईल कमी पडलं, बेअरिंग झिजलं, त्यातलं तांबं उघडं पडलं. या खेपेच्या आणखी काही इंजिनांना असंच झालं होतं. कंपनी नवं इंजिन फुकट बसवून देणार होती. "पण तुम्हाला आधी काही जाणवलं नाही का?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, "मला नाही. माझ्या वडिलांना जाणवलं होतं. कापड तुमच्याकडेच आहे."

नवं इंजिन यायला अडीच महिने लागले. तोवर पूजा होऊन गेली. आबा आलेच नाहीत म्हणून मीही गेलो नाही. मी शेतीच्या कामाला गावी असलो की मदुराईचं दुकान माझा चुलतभाऊ बघतो; त्यानंच पूजा केली आणि फोटो पाठवले. आबांनी चष्मा लावून एकेक फोटो बोटानं मोठा करून बघितला. यंत्राच्या फोटोपाशी बराच वेळ थांबले. मग फोन माझ्या हातात दिला आणि गुरांना पाणी पाजायला उठले. मला फार वाईट वाटलं. त्या गाडीवरचं माझं मन तेव्हाच उडालं.

नव्या इंजिनावर गाडी ठीक होती, पण मी तिच्यात बसलो की कान बॉनेटकडेच लागायचे. ती बदलायचं ठरवलं आणि मग माझा खरा छळ सुरू झाला. फोनवरच्या व्हिडिओत एक माणूस सांगायचा डिझेलच घ्या, दुसरा सांगायचा डिझेल घेणारा मूर्ख. डिझेल गाडीच्या धुराच्या नळीत काजळी पकडायची गाळणी असते, ती तुंबते. नव्या मोठ्या गाड्यांत लहान इंजिनांतून एवढी ताकद काढतात की ती टिकत नाहीत. जुनंच बरं होतं. जुनं मिळत नाही. रोज संध्याकाळी कट्ट्यावर बसून मी हे ऐकायचो आणि आबा शेजारी बसून तंबाखू मळायचे. एकदा मी वैतागून फोन खाली ठेवला आणि म्हटलं, "आबा, आता तुमीच सांगा. कंची घिऊ?"

मळणारा अंगठा थांबला. "मला इचारतोयस?"

"व्हय."

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला आबा धुतलेला सदरा, टोपी घालून फाटकाशी उभे होते. गुडघ्यांचा विषय निघाला नाही.

कराडमधल्या दुसऱ्या एका कंपनीच्या दुकानात आम्ही गेलो. विक्रेत्यानं कॉफी मागवली, चकचकीत गाडीचं दार उघडून धरलं. आबांनी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. "जुन्या गाड्या कुटं दुरुस्त करता?" विक्रेता गोंधळला. मागच्या शेडमध्ये, म्हणाला. आबा तडक मागं. मी त्यांच्या कानाशी म्हटलं, "आबा, नवी घ्यायचीया." ते म्हणाले, "दागिना बघून आपुन सोनाराचं दुकान वळखलं का कवा? झाडलोट बघायचो." आणि खिशातून धोतराच्या कापडाचे तीन-चार तुकडे काढले.

शेडमध्ये त्या दिवशी त्याच बनावटीच्या तीन डिझेल गाड्यांचं ऑईल उतरत होतं. आबांनी तिन्हींचं थोडंथोडं मागून घेतलं आणि उन्हात बसून गाळलं. मिस्त्री हातातली कामं सोडून भोवती जमले. गाड्यांचे मालक, ड्रायव्हर तिथंच बाकावर होते. आबांनी त्यांना एकेकाला विचारलं. किती पळाली, कुठल्या रस्त्यानं, इंजिन कधी खोललं का. एक जण लाखाच्या वर किलोमीटर झालेत म्हणाला, द्राक्षाच्या व्यापाऱ्याची गाडी, सांगली-बेंगळुरू सतत. इंजिनाला हात लागला नव्हता. दुसऱ्यानं तक्रार केली की गावातल्या गावात फिरवली की काजळीच्या गाळणीचा दिवा लागतो, मग तिला हायवेवर पळवून आणावी लागते. आबांनी हेही नीट ऐकून घेतलं. विक्रेत्यानं सांगितलं की नव्या गाडीत डिझेलशिवाय युरियाचं पाणीही वेगळ्या टाकीत भरावं लागतं, धूर स्वच्छ व्हायला. आबांनी मान वर केली. "ऊसालाबी युरिया, गाडीलाबी युरिया?" अख्खी शेड हसली, आबाही हसले.

कापडं वाळली. आबांनी ती उन्हात धरून तिरकी करून बघितली, बोटांनी चोळली. ऑईल डांबरासारखं होतं, कापडावर नुसती काजळी. चमक कुठंच नव्हती. "काळं कुट्ट हाय," आबा म्हणाले, "पर चोख हाय."

डिझेल म्हणजे अमरपट्टा नव्हे, हे मलाही कळतं. आमच्या नशिबी बिघडलेलं पेट्रोल इंजिन आलं म्हणून सगळी तशीच असतात असंही नाही. पण माझं काम विटा-मदुराई असं लांब पल्ल्याचं, गाळणी तुंबायला गावात मी फिरतोच किती! आणि आबांनी तीन कापडं गाळून सांगितलं होतं, त्यापुढे मला कुणाचा कागद नको होता. जुनी गाडी बदल्यात द्यायचं बोलणं निघालं तेव्हा आबांनी तिचं इंजिन गेल्याची हकिकत स्वतःहून सगळी सांगितली. भाव पडेल म्हणून मी मध्ये बोलणार होतो, पण त्यांना सांगू दिलं.

मग डिझेल चालवून बघायला बाहेर काढली. आबा पुढं माझ्या शेजारी, विक्रेता मागं. मलकापूर मागं टाकून हायवेला लागलो. इंजिनाची घरघर पायापर्यंत येत होती. आबांनी डॅशबोर्डच्या फळीवर तळवा टेकवला होता आणि चेहऱ्यावर समाधान होतं. दोन-तीन किलोमीटर गेल्यावर, समोर बघतच, ते म्हणाले, "यंत्राचा राग न्हवता मला."

कुठलं यंत्र ते कळायला मला क्षण लागला.

"यंत्र चांगलं हाय. लय भांडणं मिटली त्येच्यानं. पर आणताना तू मला इचारलं न्हाईस. सकाळी दुकानात आलो, तर माझ्या बसायच्या जागंवर यंत्र."

मला ती सकाळ आठवली. प्लगपॉइंट तिथंच होता, म्हणून तिथं ठेवलं होतं. आबांची गादी मी उचलून आतल्या खोलीत ठेवली होती आणि त्यात काही चुकलं असं पाच वर्षांत एकदाही माझ्या मनात आलं नव्हतं. मी ते गुडघे खरे समजत होतो. डोळे भरून आले, तशीच गाडी चालवत राहिलो. मागून विक्रेता गाडीच्या उंचीबद्दल काहीतरी सांगत होता.

"आबा, चुकलं माझं," मी म्हटलं.

आबांनी फळीवरचा हात काढून माझ्या खांद्यावर ठेवला. "व्हय, चुकलं. आता सांग, कवा निघायचं मदुराईला?"

"तुमी म्हणाल तवा," मी म्हटलं.